सोबतीला कुणीतरी हवं: घरात डिप्रेशन असतं तेव्हा आपण काय करायचं

आमच्या सांगलीच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्या चौकटींत आई रोज दुधाचा हिशोब लिहायची. एक लिटर, दीड लिटर, पाहुणे असले की दोन. सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशी किती दिवस आल्या नाहीत, तेही तिथंच. एका ऑगस्टमध्ये मी पुण्याहून गेले तर पान अजून जूनचंच होतं, आणि शेवटची नोंद ११ तारखेची. मी पान उलटलं आणि विसरून गेले.

आई तेव्हा सांगत होती ते भलतंच होतं. पाठ दुखते. तोंडाला चव नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. छातीत कसंतरी होतं. मग ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, मणक्याचा एमआरआय झाला, कमरेला पट्टा आला. रिपोर्ट नॉर्मल येत गेले तशी घरात चिडचिड वाढत गेली, कारण 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ आम्ही 'हिला काही झालेलंच नाही' असा लावला. डिप्रेशन हा शब्द शेवटी गल्लीतल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी काढला. तोवर पाच महिने गेले होते. दुखणं अंगावर काढणं म्हणतात ते हेच. आईने ते काढलं आणि आम्ही काढू दिलं.

मी डॉक्टर नाही. हे लिहितेय ते त्या ऑगस्टमधल्या माझ्यासारख्यांसाठी: मुली, मुलगे, नवरे, सुना, भाऊ, मैत्रिणी. गावाकडे रात्री कुणाला बाहेर जायचं असलं, एखाद्या बाईला दवाखान्यात जायचं असलं, की ती शेजारणीला म्हणते, "जरा सोबतीला चल गं." सोबतीला गेलेली बाई तिच्या वाटचं चालत नाही, तिला चालायला शिकवतही नाही. ती बरोबर असते, आणि तेवढ्याने रस्ता पार होतो. आपलं काम तेच, हे कळायला मला फार वेळ लागला.

पायरी १: काय बघायचं

मानसोपचारतज्ज्ञ साधारण नऊ गोष्टी तपासतात. मन सतत उदास किंवा रिकामं वाटणं. ज्यात रस होता त्यातली गोडी जाणं. भूक-वजनात फरक. झोप उडणं किंवा अति होणं. हालचाल, बोलणं मंदावणं किंवा उलट सारखी घालमेल. थकवा. आपण नालायक आहोत, आपल्यामुळे सगळ्यांना त्रास, असं वाटणं. लक्ष न लागणं, साधा निर्णय न होणं. मरणाचे विचार. यांतल्या किमान पाच, आणि त्यांत पहिल्या दोनपैकी निदान एक, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर त्याला डिप्रेशन म्हणतात.

पण घरात कुणी या भाषेत बोलत नाही. घरात ऐकू येतं ते असं: कशात जीव रमत नाही. अंगात त्राणच नाही. डोकं जड झालंय. नको वाटतं सगळं. बायका आणि वयस्कर माणसं बहुतेक वेळा शरीराबद्दल बोलतात, मनाबद्दल नाही. पुरुषांत उदासीपेक्षा संताप आधी दिसतो. पिणं वाढतं, घरी उशिरा येणं वाढतं. कॉलेजातला मुलगा खोलीचं दार लावून घेतो आणि घरचे मोबाईलला दोष देत बसतात. म्हातारा माणूस गोष्टी विसरायला लागला की 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं, त्यामागेही हे असू शकतं. बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत रडू येतं, ते सहसा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, किंवा तिला बाळाजवळ जावंसंच वाटेना, तर "होतं गं असं" म्हणून थांबू नका.

म्हणून लक्षणांच्या यादीपेक्षा तुमच्या माणसाच्या सवयींकडे बघा. जे काम तो कुणी न सांगता वर्षानुवर्षं करायचा, ते थांबलंय का? आईचा दुधाचा हिशोब. माझ्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांनी दाढी करणं सोडलं होतं, कुणाची सकाळची कोड्याची वही बंद पडते. ही चिन्हं फक्त घरच्यांनाच दिसतात.

दुःख आणि डिप्रेशन यांतला फरकही घरातूनच कळतो. माणूस गेल्याचं दुःख लाटेसारखं येतं आणि ओसरतं, मध्येच एखादी आठवण हसवून जाते. डिप्रेशनमध्ये ते ओसरणं नसतं, आणि राग सगळा स्वतःवर असतो.

'कशाने झालं?' हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. आमच्याकडे तर त्याची चौकशी समितीच बसली होती. बाबांची निवृत्ती, दादाचं कॅनडाला जाणं, पाळी जाणं, आजीचं शेवटचं आजारपण. यातलं सगळंच थोडंथोडं खरं असेल. आनुवंशिकता, थायरॉइड, बाळंतपण, मधुमेहासारखं दीर्घ दुखणं, कर्ज, एकटेपण, घरातली मारहाण, यांतलं काहीही कारणीभूत होऊ शकतं आणि कधी बोट ठेवावं असं काहीच सापडत नाही. त्यामुळे 'तुला कमी काय आहे?' या प्रश्नाला उत्तर नसतं. मारहाण, छळ असं काही असेल तर ते आधी थांबवायला हवं, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. एरवी कारण शोधण्यात महिने घालवू नका.

आणि हे फार दुर्मीळ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की देशात दर २० प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या एका विंगेत दोन-तीन घरं. ती कुठली, ते कुणीच कुणाला सांगत नाही.

पायरी २: पहिलं बोलणं

समोरासमोर बसवून 'मला तुझ्याशी बोलायचंय' असं सुरू केलंत तर माणूस आक्रसतो. शेजारी शेजारी असताना बोला. भाजी निवडताना, गाडीत, रात्री गच्चीवर. नजरेला नजर नसली की जीभ सुटते. चारचौघांत तर कधीच नको. आमच्याकडे रविवारी जेवताना सगळ्यांसमोर विषय निघाला आणि आई ताट ठेवून उठून गेली.

सुरुवात दिसलेल्या गोष्टीवरून करा, निदान सांगून नको. "आई, दोन महिने झाले, तू हिशोब लिहिलेला नाहीस. मला काळजी वाटतेय. कसं वाटतंय तुला?" आणि मग गप्प बसा. खरंच गप्प. दहा-पंधरा सेकंद कुणीच बोललं नाही की आपल्याला घाबरायला होतं आणि आपण सल्ला देऊन ती पोकळी भरतो. भरू नका.

जी वाक्यं तोंडावर येतात आणि गिळायला हवीत, ती सगळी माझी म्हणून झालेली आहेत:

"मन खंबीर कर." पाय मोडलेल्याला 'चाल की नीट' म्हणण्यासारखं आहे हे.

"बाकीच्यांकडे बघ, त्यांचं किती वाईट आहे." याने अपराधीपणात भर पडते. ते माणूस आधीच स्वतःला तेच ऐकवत असतं.

"थोडं फिरून ये, बरं वाटेल." हे चूक नाही, पण एकटं जायला सांगणं चूक आहे.

"आम्ही तुझ्यासाठी इतकं करतोय." हे मी एकदाच म्हणाले. त्यानंतर आईने आठवडाभर मला फोनवर "मी बरी आहे" एवढंच सांगितलं.

सकाळी सहाला येणारे सुविचारही याच खात्यातले. सूर्योदयाचा फोटो आणि खाली 'सकारात्मक राहा'. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, एवढंच म्हणते.

त्याऐवजी काय? "खूप जड जात असणार." "तुझं काही चुकलेलं नाही, हे दुखणं आहे आणि याला औषध आहे." "आत्ता काही बोलू नकोस, मी बसते इथं." "उद्या दवाखान्यात मी येते बरोबर." शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं.

पायरी ३: डॉक्टरपर्यंत पोहोचवणं

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून केली तर अर्ध्या अडचणी सुटतात. माणूस ओळखीचा असतो, 'वेड्यांचा डॉक्टर' ही भीती नसते. त्यांना हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासायला सांगा. थायरॉइड कमी काम करत असेल किंवा बी-१२ फार खाली असेल तर चित्र अगदी डिप्रेशनसारखं दिसू शकतं, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं. आईचंही कमी निघालं. आम्हाला हायसं वाटलं, इंजेक्शनं झाली, सुन्नपणा गेला आणि उदासी तिथंच राहिली. तेव्हा एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेल असं धरू नका.

पुढची पायरी मानसोपचारतज्ज्ञ. हे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर. औषधं तेच देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. सौम्य डिप्रेशनमध्ये नुसतं समुपदेशन पुरू शकतं. मध्यम आणि तीव्र असेल तर सहसा दोन्ही लागतं. घरातलं कुणी खाणंपिणं सोडून अंथरुणाला खिळलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञच गाठा.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था. नावाला घाबरू नका, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात औषध घेऊन घरी जाणाऱ्यांचीच रांग मोठी असते. कुठं जावं हेच कळत नसेल तर 'टेली मानस' या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. हा फोन आजारी माणसानेच करायला हवा असं नाही. काळजी घेणाराही करू शकतो.

भेटीला जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: कधीपासून, झोप किती, वजन किती उतरलं, कोणती कामं थांबली, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या (रक्तदाबाच्या, दुखण्याच्या, आयुर्वेदिक काढेसुद्धा), दारू-तंबाखू, नात्यात कुणाला असा त्रास होता का. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: आधी कधी याच्या उलट झालंय का? म्हणजे काही दिवस झोप जवळजवळ नाही तरी अंगात भरमसाट उत्साह, अखंड बडबड, वारेमाप खर्च. असेल तर सांगायलाच हवं, कारण तो बायपोलर आजार असू शकतो आणि तिथं नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते.

डॉक्टरांसमोर बसल्यावर आजारी माणसालाच बोलू द्या. आमचे बाबा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देत होते, शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? त्यांचं त्यांना सांगू दे." आई त्या दहा मिनिटांत जे बोलली ते आम्हाला आजही पूर्ण माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही.

"मी येणार नाही" असं म्हणाले तर? वाद घालू नका, विषय लहान करा. 'डिप्रेशनचा डॉक्टर' नको, 'झोपेसाठी दाखवू' म्हणा. ते खोटं नाही. झोप खरंच गेलेली असते. 'एकदाच जाऊ, नाही पटलं तर सोडू.' ज्याचं ते ऐकतात अशा माणसाला मध्ये घाला: मामा, जुने शिक्षक, कुलकर्णी काकू, कुणीही. मात्र लग्नाला जायचंय असं सांगून दवाखान्यात नेऊ नका. फसवून नेलेला माणूस पुढच्या वेळी तुमच्याबरोबर कुठंच येत नाही.

मावशीने आईची दृष्ट काढली, एका ठिकाणी नारळही ठेवून आली. मी भांडायला उठले होते. डॉक्टरांनीच समजावलं: त्यातून त्यांना धीर मिळत असेल तर मिळू दे, गोळी चुकवू नका. एवढं मात्र खरं, की जिथं गोळ्या बंद करायला सांगतात, मारतात, उपाशी ठेवतात किंवा हजारो रुपये उकळतात, तिथं अजिबात नेऊ नका.

पायरी ४: गोळ्या

घरच्यांनी आधीच समजून घेतलं नाही तर उपचार बहुतेक इथंच मोडतो. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लूओक्सेटिन ही नेहमी दिली जाणारी औषधं. त्यांचं वेळापत्रक विचित्र आहे: त्रास आधी, फायदा मागून. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, कधी बेचैनी. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. आई नवव्या दिवशी म्हणाली, "याने काही होत नाही, उलट जेवण जात नाही." घरात कुणी आधी हे सांगितलेलं नसतं तर गोळी त्या दिवशीच केराच्या डब्यात गेली असती. त्रास जास्त वाटला तर डॉक्टरांना फोन करून डोस किंवा वेळ बदलून घ्या, स्वतः बंद करू नका.

'सवय लागेल' ही भीती सगळ्यांना असते. ती भीती येते झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांमुळे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची सवय खरंच लागू शकते, म्हणून त्या थोड्याच दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या असतात. डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी तल्लफ येत नाही. पण एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं असा त्रास होतो. त्यामुळे बंद करायच्या त्या टप्प्याटप्प्यानं, डॉक्टर सांगतील तशाच. आणि बरं वाटायला लागलं म्हणजे कोर्स संपला असं नाही. पहिल्यांदाच आजार झाला असेल तरी त्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात.

वयस्कर माणसात या औषधांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. अचानक गोंधळल्यासारखं वागणं, तोल जाणं, सुस्ती असं दिसलं तर तपासून घ्या. अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा लक्ष जास्त ठेवायचं.

गोळी कुणी द्यायची हेही ठरवा. आमच्याकडे बाबांनी ते काम अंगावर घेतलं. रात्री नऊच्या बातम्या लागल्या की गोळी आणि पाण्याचा पेला. त्यांनी चाळीस वर्षांत आईला पाण्याचा पेला दिलेला मी पाहिला नव्हता.

पायरी ५: दिवस परत उभा करणं

गोळी काम करायला लागेपर्यंत आणि त्यानंतरही घरच्यांच्या हातात सगळ्यात जास्त काही असेल तर ते हे. डिप्रेशनमध्ये एक फेरा चालतो: बरं वाटत नाही म्हणून माणूस काही करत नाही, काही करत नाही म्हणून बरं वाटण्याचं निमित्तच उरत नाही. 'मूड आला की करीन' असं ते म्हणतात, आणि मूड येत नाही. उपाय उलटा आहे. आधी कृती, अगदी चिमूटभर; मन मागून येतं.

ही काही घरगुती कल्पना नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने याच तत्त्वावर एक छोटा कार्यक्रम तयार केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत लोकांना रोजची कामं परत हाती घ्यायला मदत केली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: ज्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ही सोबत मिळाली त्यांच्यात तीन महिन्यांनी बरं झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे जे काम शिकून घेतलेला साधा माणूस करू शकतो, त्यातलं थोडं आपणही उचलू शकतो.

आमच्याकडे ते असं चाललं. मी एका वहीत आईबरोबर बसून दोन याद्या केल्या. एकीत आधी आवडणारी कामं, दुसरीत न करून चालत नाही अशी. मग प्रत्येक कामाचे तुकडे पाडले. 'स्वयंपाक' हे काम डोंगराएवढं आहे. 'चार लसणाच्या पाकळ्या सोलणं' नाही. 'फिरायला जाणं' नको. 'चप्पल घालून फाटकापर्यंत'. पहिल्या आठवड्यात रोज दोनच गोष्टी: सकाळी आठच्या आत अंघोळ, आणि अंगणात उन्हात चहा. तुळशीला पाणी घालणं तिने स्वतः वाढवलं, दहाव्या दिवशी.

काही गोष्टी ठोकर खाऊन कळल्या. वेळ ठरलेली हवी. 'जमेल तेव्हा' कधीच जमत नाही. उठायची वेळ झोपायच्या वेळेपेक्षा महत्त्वाची. 'तू हे कर' यापेक्षा 'चल, करू या' चालतं. जे ठरवाल त्याच्या निम्मंच ठरवा, कारण न जमलेलं एक काम जमलेल्या पाचांवर बोळा फिरवतं. नाही म्हणाली तर 'बरं, चारला परत विचारते', आणि चारला खरंच विचारायचं. केल्यावर टाळ्या वाजवू नका, मोठ्या माणसाला त्याची लाज वाटते. "आज मेथी छान निवडली गेली", बस.

एक चूक उलट्या बाजूचीही होते: सगळंच काढून घेणं. वहिनीने प्रेमाने आईला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. आईला त्यातून एवढंच कळलं की आपली आता गरज नाही. जे काम हातात राहू शकतं ते राहू द्या, मग पोळी जाड झाली तरी चालेल.

पैशांचे, नोकरी सोडण्याचे, घर विकण्याचे निर्णय मात्र या काळात पुढे ढकला.

पायरी ६: मरणाबद्दल विचारायचंच

"आता उचललं तर बरं होईल." आपल्याकडे म्हातारी माणसं हे इतक्या सहज बोलतात की आपण ऐकून सोडतो. सोडू नका. सरळ विचारा: "जगणं नको असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकदा माणूस सुटकेचा श्वास सोडतं, कारण ते एकटंच ते ओझं वागवत असतं. माझी जीभ अडखळली होती, हात ओले झाले होते. आई म्हणाली, "येतं मनात. पण करणार नाही काही." त्यानंतर दर आठवड्याला विचारायचं असं आमचं ठरलं.

उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, 'आमचा विचार नाही केलास' म्हणू नका. ठरवलंय का काही, कधी, कशाने, एवढं शांतपणे विचारा. काही ठरवलेलं असेल तर त्या क्षणापासून एकटं सोडायचं नाही. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या, किंवा ११२ वर, रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ आहेच. 'कुणाला सांगू नकोस' असं वचन मागितलं तर देऊ नका.

घरातला धोका कमी करणं हे ठोस काम आहे. शेतीचं घर असेल तर कीटकनाशकं घरातून हलवा, दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा. गोळ्यांचा महिन्याचा साठा एका हातात देऊ नका. असे तीव्र क्षण अनेकदा थोड्या वेळात ओसरतात आणि तेवढा वेळ हाताशी काही नसणं यानेच जीव वाचतो. सगळ्यात सावध राहायचं ते माणूस किंचित सुधारतं तेव्हा, कारण अंगात बळ मनाच्या आधी येऊ शकतं. बरेच दिवस अस्वस्थ असलेलं माणूस एकाएकी शांत झालं, वस्तू वाटायला लागलं, हिशोब मिटवायला लागलं, तर निश्चिंत होऊ नका.

पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर होतो, म्हणून हेही सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं आहे आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. याच २०१७ च्या कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच वागवणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा दाखल करायची वेळ आली तर पॉलिसी बाहेर काढा.

पायरी ७: बाकीची माणसं, लांबची आणि जवळची

कुणाला किती सांगायचं हे आजारी माणसाने ठरवायचं. आम्ही एक वाक्य ठरवून ठेवलं होतं: "आईची तब्येत जरा बरी नाही, औषध चालू आहे." पुढचे प्रश्न आले की चहा ठेवायला उठायचं.

दादा कॅनडाहून रोज व्हिडिओ कॉल करायचा आणि रोज तपासणी घ्यायचा: जेवलीस का, फिरलीस का, हसून दाखव. आई कॉलच्या आधी केस विंचरून बसायची आणि नंतर दोन तास आडवी पडायची. लांब असाल तर व्हिडिओ बंद ठेवा, दहा मिनिटं तुमचंच काहीतरी सांगा. आज भाजी करपली, बर्फ किती पडला. उत्तराची अपेक्षा ठेवू नका. 'हवापालट म्हणून इकडे ये' हे तीव्र आजारात टाळा. परक्या घरात, परक्या थंडीत माणूस आणखी एकटं पडतं. पैसे पाठवणं, डॉक्टरांच्या तारखा सांभाळणं, आणि जे जवळ राहून करतायत त्यांना वर्षातून पंधरा दिवस येऊन सुटी देणं, हे लांबच्याने करावं.

जवळच्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. चौथ्या महिन्यात बाबांचा रक्तदाब वाढला. मी पुणे-सांगली एसटीत रडायचे, कारण तेवढीच जागा माझी होती. राग येतो, आणि आजारी माणसाचा राग आला म्हणून आपलाच राग येतो. आठवड्यातला एक दिवस पाळीने वाटून घ्या, त्या दिवशी दुसऱ्याने बघायचं आणि पहिल्याने घराबाहेर पडायचं. बाबा गुरुवारी पत्ते खेळायला जाऊ लागले. मावशीला ते अजिबात आवडलं नाही.

पायरी ८: बरं होतानाचे दिवस

सुधारणा सरळ वर चढत नाही. चार दिवस बरे, दोन वाईट. वाईट दिवस आला की सगळं मातीत गेलं असं वाटतं. म्हणून दिवसाची तुलना कालशी न करता महिन्यामागच्याशी करा. आमच्याकडे सगळ्यात आधी झोप सुधारली, मग भूक, आणि आनंद सगळ्यात शेवटी.

डिप्रेशन परत येऊ शकतं. त्यामुळे माणूस बरं असतानाच एक काम उरकून घ्या: त्यांच्याच हाताने, त्यांच्याच शब्दांत, 'मला परत व्हायला लागलं तर आधी काय दिसेल' याची यादी. सोबत डॉक्टरांचा नंबर, कोणत्या गोळीने गुण आला, कुणाला बोलवायचं, कुणाला बोलवायचं नाही.

आईने ती यादी दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहिली आहे. वर्ष संपलं की नव्या दिनदर्शिकेवर उतरवते. कुणाला बोलवायचं नाही याखाली मावशीचं नाव आहे, ते मावशीला अजून माहीत नाही. पहिली ओळ अशी आहे: 'दुधाचा हिशोब तीन दिवस लिहिला नाही तर मला विचारा. मी काही नाही म्हणेन. परत विचारा.'